संपर्क व्यक्ती: पंचशीला सरवदे

पंचशीला सरवदेनं लग्नं जुळवायचं दुकान काढलंय, ही बातमी केजच्या आमच्या गल्लीत सकाळच्या नळाबरोबर आली आणि नळ जायच्या आत घरोघरी भरून ठेवली गेली. आणली रतनबाईनं. तिच्या आणि पंचशीलाच्या ओसरीच्या मधे कमरेएवढी भिंत आहे, पण रतनबाईच्या कानांना ती आजवर कधी आडवी आलेली नाही. तिनं स्वतः ऐकलं होतं. पंचशीला फोनवर कुणाला तरी हिंदीत सांगत होती, की मुली कमी आहेत, मुलं जास्त आहेत, तुम्ही गावाचं नाव सांगा, मी बघून सांगते. आता असं बोलणं लग्न जुळवणाऱ्याशिवाय कोण बोलतं? शिवाय फोन रोजचे. कधी हिंदी, कधी इंग्रजी, एकदा तर पलीकडून कानडी.

रतनबाईच्या डोळ्यापुढं लगेच भाचा उभा राहिला. अनिल त्याचं नाव. त्याच्यासाठी मुली बघून बघून घरातल्यांच्या चपला झिजल्या होत्या आणि आता तो स्वतःच कांदेपोह्यांना कंटाळला होता. रतनबाईनं ताटलीत चार धपाटे घेतले, वर दह्याची वाटी ठेवली, अनिलचा दुसऱ्याच्या मोटारीला टेकून काढलेला फोटो पदराखाली धरला आणि भिंतीवरूनच हाक मारली.

"पंचशीला, शेजारच्या माणसाला काई सूट हाय का न्हाई?"

"कशाची सूट, काकू?"

"लपवू नको आता. आमच्या अन्याचं बघ की कुठं. पोरगी कशीबी चालंल, फक्त हो म्हणणारी पायजे."

पंचशीला आधी बघतच राहिली. मग हसली. मग एकदम तिचे डोळे भरले, आणि रतनबाई घाबरली, कारण हसणाऱ्या माणसाचे डोळे भरले की त्यात ऐकण्यासारखं काहीतरी असतं, पण सांत्वनही करावं लागतं.

"काकू, मी लग्नं न्हाई जुळवत. माझा नंबर सरकारी पोर्टलवर पडलाय."

दुकानाची बातमी त्या दुपारीच मेली. पण पोर्टलवर नंबर पडणं म्हणजे नेमकं काय, हे गल्लीला कळायला बरेच दिवस लागले, आणि खुद्द पंचशीलाला त्याची खरी भीती कळायला आणखी थोडे.

पंचशीला तालुक्याच्या एका कचेरीत कंत्राटावर संगणक चालवते. बीएस्सी झालेली, हुशार, पण तापट, आणि ज्या कामाला कुणी विचारत नाही त्या कामात थोडी आळशी. नवरा जालिंदर केज ते अंबाजोगाई काळीपिवळी चालवतो. तो दिवसभर लोकांना गाडीत कोंबतो आणि ही दिवसभर आकडे तक्त्यात कोंबते, असं तो स्वतःच म्हणतो.

तर झालं असं, की कचेऱ्यांनी गोळा केलेले आकडे लोकांना बघायला खुले ठेवायचे असं सरकारनं ठरवलं. कुठल्या गावात किती हातपंप, कुठल्या शाळेत किती खोल्या, कुठल्या अंगणवाडीत किती मुलं, सगळ्यांचे तक्ते एका पोर्टलवर. कुणीही यावं आणि उतरवून घ्यावं. गोष्ट चांगलीच आहे. पण तक्ता चढवायला गेलं, की ते पोर्टल आधी एक पान पुढं करतं. हा तक्ता कशाचा आहे? कुणी मोजलं? कधी मोजलं? कुठल्या रकान्याचा अर्थ काय? शंका आली तर कुणाला विचारायचं? आकड्यांबद्दलची ही माहिती. तिला मेटाडेटा म्हणतात, आणि पंचशीलाच्या कचेरीत तिला 'ती कटकट' म्हणतात.

चौकट रिकामी ठेवली की पोर्टल लाल होतं आणि पुढं सरकत नाही. म्हणून काहीतरी भरायचं. वर्णनाच्या चौकटीत पंचशीला लिहायची, 'वरीलप्रमाणे'. वर काहीच नसायचं. स्रोत, 'कार्यालय'. रकान्यांचा अर्थ, 'लागू नाही'. आणि तारीख? सरकारी माणसाला झोपेतून उठवून तारीख विचारली तरी तो एकतीस मार्चच सांगेल. सगळं तेव्हाच संपतं, सगळं तेव्हाच जुळतं. मोजणी कधीही झालेली असो, तक्त्यावर एकतीस मार्च. हे पंचशीलाला कुणी शिकवलं नव्हतं. ती लागली तेव्हा सगळे तसंच करत होते, म्हणून तीही करायला लागली.

राहिली शेवटची चौकट, संपर्क व्यक्तीची. कचेरीचा फोन रस्ता खोदला तेव्हापासून मुका. रामप्रसाद साहेबांनी स्वतःचा नंबर द्यायला साफ नकार दिला.

"तुझाच टाक गं. कोण बघतंय तिथं?"

टाकला. आणि बघणारे निघाले की देशभर. बंगळूरच्या एका विद्यार्थ्याला प्रकल्पासाठी हातपंप पाहिजे होते. नागपूरच्या एका गृहस्थाला खरोखरचा हातपंप पाहिजे होता, सासुरवाडीला. एकजण रोज बॅटऱ्या विकायला फोन करायचा. एकानं तर नुसतं केज कुठं आलं हे विचारून, समाधान झाल्यावर आभार मानून फोन ठेवला. पंचशीला पहिले काही दिवस सगळ्यांना नीट उत्तरं देत होती, शाळांच्या पटात मुली कमी आणि मुलं जास्त, तेच ते. मग वैतागली. शेवटी जालिंदरनं तिला अनोळखी नंबर ब्लॉक करायला शिकवलं.

"हो म्हणायचं, ठेवायचा आन ब्लॉक करायचा. मी पाशिंजराला असंच करतो. 'गाडी सुटती का?' 'सुटती की!' म्हणायचं. कधी, ते सांगायचंच न्हाई."

पंचशीला हसली आणि शिकली. तिथंच घोळ झाला.

श्रावणातली गोष्ट. कचेरीत साहेब कागदासाठी डोक्यावर उभे, प्रिंटरमध्ये कागद अडकलेला, आणि फोन आला. बाई पुण्याच्या होत्या, आवाज मऊ. "नमस्कार, मी मंजुषा. आमची संस्था अंगणवाड्यांचा नकाशा करतेय. तुमच्या तक्त्यात हिवरदरा वस्तीचा पट फारच कमी दिसतोय. आकडा बरोबर आहे ना? मार्चअखेरचाच आहे ना?"

पंचशीलानं एका हातानं प्रिंटरमधला कागद ओढत सांगितलं, "हो मॅडम. बरोबर आहे. कचेरीचा आकडा आहे."

"नक्की?"

"नक्की."

फोन ठेवला, नंबर ब्लॉक केला, कागद निघाला. साहेब खूश झाले. त्या दिवशी पंचशीलाला आपण किती झटपट काम करतो याचं कौतुकही वाटलं.

भादव्यात एका बाजाराच्या दिवशी दगडाबाई आली. ही पंचशीलाची सख्खी मावशी, हिवरदऱ्याला अंगणवाडी सेविका. पिशव्या ओसरीवर टाकल्या, 'जयभीम' म्हटलं आणि पाणीसुद्धा न पिता खाली बसली.

"आमची अंगणवाडी गेली बघ, शीले."

"गेली म्हंजी? कुठं गेली?"

"रस्त्याच्या पल्याड. मोठ्या गावात जोडणारेत. पट कमी हाय म्हणं. सोमवारी वर बैठक हाय, तिथं शिक्का बसला की झालं. आता तू सांग, तेवढी तेवढी लेकरं तो चौपदरी रस्ता कशी वलांडायची? उसाच्या गाड्या जात्यात तिथनं, ट्रक जात्यात. आया तर पाठवणारच न्हाईत. माझं जाऊ दे, मी म्हातारी झाले. लेकरांचं काय?"

भिंतीपलीकडं रतनबाईच्या भांड्यांचा आवाज थांबला होता. ती ऐकत होती, हे सांगायला नकोच.

"पट कमी कसा गं मावशी?" पंचशीलानं विचारलं, पण विचारता विचारताच तिला तो फोन आठवला. हिवरदरा. मऊ आवाज. नक्की? नक्की.

"तेच तर! वस्तीत लेकरं मावंना झालीत. खिचडी पुरत न्हाई. आन वर म्हणत्यात पट न्हाई. कुणी मोजलं आसंल गं ते?"

पंचशीला म्हणाली, "मावशी, तक्त्यातला आकडा तर सेविकाच देतात. तूच दिला असशील."

दगडाबाईनं बोटांवर महिने मोजले. मग कपाळावर हात मारला. "दिलता की! पौषात मागितलता. पण तवा वस्तीत होतं कोण? समदी तोडीला गेलती. लेकरं आयांसंगं उसाच्या फडात. वस्तीत म्हातारी माणसं आन कुत्री. मी जेवढी होती तेवढी लिवली. खोटं कावून लिवू?"

म्हणजे आकडा खोटा नव्हताच. दगडाबाईनं खरा दिला, पंचशीलानं जसाच्या तसा चढवला, पुण्याच्या बाईंनी नीट वाचला. सगळ्यांनी आपापलं काम केलं होतं. फक्त पौषातल्या आकड्याच्या डोक्यावर पंचशीलानं एकतीस मार्च ठेवलं होतं. पौषात अर्धी वस्ती कर्नाटकात आणि कोल्हापूरकडं असते, हे केजातल्या शेंबड्या पोराला ठाऊक आहे. पण पुण्यातल्या माणसानं ते कशावरून ओळखायचं? तो तारीख बघतो. मार्चअखेर म्हणजे माणसं परतलेली, असंच तो धरून चालणार.

दगडाबाईनं पिशवीतून रक्तदाबाच्या गोळ्या काढल्या. दुकानदारानं पाकीट कापून अर्धंच दिलं होतं. ती पाकीट पंचशीलापुढं धरून म्हणाली, "बघ बरं, जुनी तर न्हाई ना? कडू लागायलीय."

पंचशीलानं पाकीट उलटसुलट केलं. तारीख नव्हती. तारखेची बाजू दुकानदाराकडं राहिलेली. गोळी खरी, कंपनी खरी, किंमतसुद्धा होती, पण घ्यावी की टाकावी हे ज्यावरून कळायचं तेवढंच कापून गेलं होतं. तिनं पाकीट मांडीवर ठेवलं आणि ती त्याच्याकडं बघतच बसली. मावशीनं दोनदा हाक मारली तरी तिला ऐकू गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती साहेबांपुढं उभी राहिली. रामप्रसाद साहेब वाईट माणूस नाही. भित्रा आहे. कागद हातात आला की आधी त्यावर आपली सही तर नाही ना, हे बघणारा.

"आकडा चुकलाय का?" त्यांनी विचारलं.

"न्हाई साहेब. तारीख चुकलीय. आन वर्णनात कायच लिहिलेलं न्हाई. मोजणी पौषातली हाय, एवढं तरी टाकू द्या."

"तारखेनं काय होतंय? आपल्या सगळ्याच तक्त्यांवर एकतीस मार्च हाय. एक बदलली तर बाकीच्यांचं विचारतील."

"मग बाकीच्याबी..."

"तेच म्हणतोय मी!" साहेबांनी आवाज खाली आणला. "हे बघ, सरवदे. तुझ्या कंत्राटाची फाइल वर गेलीय. अजून खाली आली न्हाई. संपर्क म्हणून तिथं नाव कुणाचं हाय? तुझं. मग चूक कुणाची निघंल? गप बस चार दिवस."

तिनं दुरुस्तीची विनंती पोर्टलवर भरली. ती साहेबांच्या मंजुरीसाठी साहेबांच्या खात्यात जाऊन पडली. साहेबांना आपल्या खात्याचा पासवर्ड आठवत नव्हता. तो पंचशीलाला पाठ होता, पण साहेबांच्या नावानं मंजुरी देणं म्हणजे नोकरीवर स्वतःच्या हातानं पाणी सोडणं. तो विचार तिच्या मनात आला, तसा तिनं खुर्ची संगणकापासून लांब ओढली.

मग मंजुषाबाईंना शोधायचं ठरवलं. पण कोणता नंबर? ब्लॉक केलेल्यांची ही भलीमोठी रांग, नाव कुणाचंच नाही. पंचशीला एकेकाला सोडवत गेली आणि फोन लावत गेली. बॅटरीवाला इतका आनंदला की त्याला फोन ठेववेना. "मॅडम, मला खात्री होती, तुम्ही फोन कराल!" नागपूरच्या गृहस्थांनी, सासुरवाडीला हातपंप मंजूर झाला का, हे विचारलं. बंगळूरचा विद्यार्थी पास झाला होता. तिला दरदरून घाम फुटला होता आणि पलीकडची माणसं तिच्याशी जुन्या ओळखीसारखी गप्पा मारत होती. शनिवार संपत आला तेव्हा तो मऊ आवाज सापडला.

पंचशीलानं एका दमात सगळं सांगितलं.

"मी विचारलं होतं तुम्हाला," मंजुषा म्हणाली. आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं.

"विचारलं होतं."

"नकाशा जिल्ह्याला देऊन झालाय, त्यावरूनच त्यांनी यादी काढलीय. माझ्या हातात आता काही नाही. मी मेल टाकते, पण रविवारी तो कोण उघडणार? फक्त एक आहे. बैठकीत पडद्यावर जो तक्ता येईल ना, तो त्याच दिवशी पोर्टलवरून ताजा येतो. त्याच्या खाली तुमचं ते पानही आपोआप येतं. वर्णन, स्रोत, तारीख, संपर्क, सगळं. तिथं बदललंत, तरच कुणाच्या नजरेला पडेल."

म्हणजे पुन्हा तीच कटकट. आणि कटकटीला साहेबांचं कुलूप.

रविवारी सकाळी पंचशीला विहारात वंदनेला गेली. सगळ्यांबरोबर ओठ हलत होते, पण डोक्यात तो चौपदरी रस्ता आणि त्याच्या कडेला उभी राहिलेली हिवरदऱ्याची लेकरं. घरी आली तर जेवण जाईना. मावशीला सांगावं, की हे माझ्या हातून झालं? तोंड उघडेना. जालिंदर भाकरी मोडत तिच्याकडं बघत होता. तो हे असलं फार वेळ बघू शकत नाही.

"तू आधी त्या पोर्टलवरून तुझा नंबर तरी काढ. डोक्याची कटकट जाईल."

"काढायलाबी साहेबाची मंजुरी लागंल."

"कावून? माणसाचा नंबर बदलतो, सिम हरवतं. तेवढ्यासाठी साहेब लागतोय व्हय? बघ तर खरं."

तिनं फोनवर पोर्टल उघडलं. वर्णनाची चौकट करडी, बोट लावलं तरी हलत नव्हती. तारीख करडी. स्रोत करडा. आणि शेवटची, संपर्क व्यक्तीची, पांढरीशुभ्र. बोट लावलं, तशी आतली रेघ लुकलुकायला लागली. ज्याचं नाव त्यानंच बदलावं, अशी सोय करणाऱ्यानं करून ठेवली होती. नंबर खोडायला तिनं बोट नेलं आणि तिथंच थांबली.

वरती नावाची जागा होती. देशात लांब लांब नावांची माणसं असतात, म्हणून की काय, जागा चांगली ऐसपैस होती. पंचशीलानं नंबर तसाच ठेवला. नावापुढं एक रेघ ओढली आणि लिहायला लागली. भिंतीवरून रतनबाईनं मान लांब केली.

"एवढं लांब नाव कुणाचं गं?"

"माझंच, काकू."

"मुलाकडच्यांना एवढं सांगायचं नसतं," रतनबाई म्हणाली. दुकान बंद झालं तरी तिची आशा अजून सुटली नव्हती.

पंचशीलानं जतन करायचं बटण दाबलं. चाक फिरायला लागलं. फिरलं, फिरलं. तिला वाटलं, आता लाल होणार. तेवढ्यात वरती हिरवी पट्टी आली. आता माघारी फिरता येत नव्हतं.

"लिहिलंस काय?" जालिंदरनं विचारलं. तिनं फोन त्याच्यापुढं धरला. त्यानं वाचलं, भाकरीचा घास तसाच हातात राहिला. मग म्हणाला, "उद्या नोकरी गेली तर गाडीवर क्लीनर म्हणून ये. पण पुढच्या सीटवर बसायचं न्हाई, ती पाशिंजराची हाय."

सोमवारची बैठक पडद्यावरची. कचेरीत तिला व्हीसी म्हणतात. जिल्ह्याचे मोठे साहेब तिकडून बोलणार, तालुक्यांनी इकडून ऐकायचं. माईक आणि कॅमेरा पंचशीलाच्याच ताब्यात, त्यामुळं तिला खोलीबाहेर जायची सोय नव्हती. ती कोपऱ्यात बसली. रामप्रसाद साहेब पुढं, इस्त्रीचा शर्ट, पाठीवर घामाचा नकाशा.

एकेका तालुक्याच्या अंगणवाड्या पुढं सरकत होत्या. मोठे साहेब गाव वाचायचे, पट वाचायचे, 'मंजूर' म्हणायचे आणि पुढं. इतक्या वेगानं, की पंचशीलाला वाटलं, खालचं कुणी वाचणारच नाही. केज आलं. हिवरदरा आलं. तिनं माईकच्या वायरीला गच्च धरलं.

"हिवरदरा. पट कमी. जोडणी प्रस्तावित." मोठे साहेब थांबले. चष्मा वर केला. "हे खाली काय आहे एवढं? स्रोत, कार्यालय. वर्णन, वरीलप्रमाणे. संपर्क, पंचशीला सरवदे, ही मोजणी पौष महिन्यातली आहे, एकतीस मार्चची नाही, तेव्हा वस्तीतली बरीच कुटुंबं लेकरांसह ऊसतोडीला गेलेली होती, आता परत आली आहेत, या आकड्यावर काही ठरवण्याआधी कृपया फोन करावा."

सगळं त्यांनी एका सुरात वाचलं, नाव वाचतात तसं. पडद्यावरच्या दुसऱ्या कुठल्या तरी तालुक्यात कुणीतरी खुदकन हसलं आणि ते हसू लगेच खोकल्यात बदललं.

"केज, आवाज येतोय का?"

रामप्रसाद साहेबांचा माईक बंद होता. तो पंचशीलालाच उठून चालू करावा लागला.

"येतोय सर," रामप्रसाद साहेब म्हणाले.

"मोजणी पौषात झाली होती का?"

साहेबांनी मागं वळून पंचशीलाकडं पाहिलं. त्या नजरेत तिची फाइल होती, स्वतःची पेन्शन होती आणि दोघांनाही बुडवलंस हे होतं. पंचशीलानं खाली बघितलं नाही. तिला बघायचं होतं, पण मानच वळेना.

"हो सर," साहेबांच्या तोंडून निघून गेलं.

मोठ्या साहेबांनी शेजारच्या कुणाला तरी काहीतरी विचारलं, ते इकडं ऐकू आलं नाही. मग ते म्हणाले, "केजची यादी बाजूला ठेवा. पुन्हा मोजा. दसऱ्याच्या आत, लोक तोडीला जायच्या आत. आणि केव्हा मोजलं ते लिहा." एवढं बोलून पुढचा तालुका.

हिवरदरा वाचलं असं अजून म्हणता येत नाही. मोजणी व्हायची आहे, पट भरला तर अंगणवाडी राहील. दगडाबाई आतापासून घरोघर सांगत फिरतेय, की दसऱ्याच्या आधी लेकराला मामाच्या गावाला धाडलं तर माझ्याशी गाठ आहे. मावशीला सगळं सांगितलं तेव्हा तिनं पंचशीलाला आधी दोन शिव्या दिल्या, मग जवळ घेतलं. कंत्राटाची फाइल अजून वरच आहे. पंचशीला रोज सकाळी साहेबांच्या तोंडाकडं बघून अंदाज घेते आणि काही कळत नाही म्हणून पुन्हा कामाला लागते. फोनही थांबलेले नाहीत. उलट वाढलेत, कारण कृपया फोन करावा असं तिनंच लिहून ठेवलंय. आता ती कुणाला ब्लॉक करत नाही. बॅटरीवालासुद्धा त्यात आला.

बैठक संपल्यावर पडदा काळा झाला आणि रामप्रसाद साहेबांनी तिला समोर बोलावलं. तेव्हा तिनं काय उत्तर दिलं, याच्या गल्लीत सध्या बऱ्याच आवृत्त्या फिरतायत. रतनबाईच्या आवृत्तीत पंचशीला टेबलावर हात आपटते. जालिंदर गाडीत सांगतो त्या आवृत्तीत ती राजीनामा फेकते आणि साहेब तो झेलून परत देतात. खरं तेवढं नव्हतं. ती माईकची वायर गुंडाळत उभी होती. साहेबांनी विचारलं, "सरवदे, ती चौकट नाव लिहायला हाय का कीर्तन करायला?"

पंचशीला म्हणाली, "साहेब, बाकीच्या चौकटींना तुमची मंजुरी लागती. नाव तेवढं माझं हाय."